विश्लेषण : घरात गाणे रेकॉर्ड करायचे, तर पैसे माइकवर घालावेत की खोलीवर?

दहा हजार रुपये हाताशी आले की घरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो माइकचा. ऑनलाइन बाजारात हजार रुपयांपासून लाखापर्यंतचे माइक एकाच पानावर दिसतात. प्रत्येकाखाली ‘स्टुडिओ क्वालिटी’ लिहिलेले असते आणि प्रत्येकाला चार-साडेचार तारे असतात. नाशिकमधले गाण्याचे क्लास, पंचवटीतली भजनी मंडळे, बागलाण-मालेगावकडे अहिराणी गाणी करून यूट्यूबवर टाकणारे तरुण, घरूनच कीर्तनाचे भाग प्रसारित करणारे बुवा, अशा सगळ्यांना हा प्रश्न पडतो. यातले बरेच जण चुकीची वस्तू घेतात आणि चूक कळते ती परत करण्याची मुदत संपल्यावर. स्वस्तात काय घ्यावे, काय टाळावे आणि एक रुपयाही न खर्चता कुठे फरक पडतो, याचा हा आढावा.

स्टुडिओ घरात आला, म्हणजे नेमके काय झाले?

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कोलकात्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग यंत्रे घेऊन आला आणि गौहर जानसारख्या गायिकांनी धातूच्या मोठ्या कर्ण्यासमोर बसून जोर लावून गायले. तेव्हा माइक नव्हताच. आवाजाच्याच जोराने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाचा पडायच्या. विद्युत ध्वनिमुद्रण आणि त्याबरोबर माइक आला तो १९२५ नंतर. तरीही एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावायची, आणि कोणाचे गाणे तबकडीवर उतरायचे हे कंपनी ठरवायची.

नाशिकला याची जाणीव इतर शहरांपेक्षा थोडी जास्त असायला हवी. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभा केला. त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ चा, नाशिकचाच. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. आज त्यांचे गाणे ऐकायला मिळते ते ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणीच्या फितींमुळे. त्या काळात गावोगावी गाणारे, वाजवणारे असे कितीतरी लोक होते, ज्यांच्यापर्यंत कंपनीचे यंत्र पोहोचलेच नाही. त्यांचे काय होते ते आता कळायला मार्ग नाही.

आता यंत्र खिशात आहे. कमी साधनांत काम करण्याची परंपराही जिल्ह्याला नवी नाही. मालेगावच्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा कॅमेरा फिरवायला सायकल आणि बैलगाडी वापरली होती. प्रश्न साधन स्वस्त आहे की महाग हा नसतो. त्या साधनाला काय जमते आणि काय जमत नाही, हे माहीत असणे महत्त्वाचे.

माइकआधी खोलीचा विचार का?

नव्या फ्लॅटमधल्या रिकाम्या बेडरूममध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीच्या मागे ‘टर्रर्र’ असा बारीक धातूसारखा नाद आला, तर त्या खोलीत पन्नास हजारांचा माइकही बाथरूममध्ये गायल्यासारखाच आवाज पकडणार. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, पुट्टी मारलेल्या भिंती, काचेची सरकती खिडकी, यांपैकी काहीच आवाज शोषत नाही. गाणाऱ्याच्या तोंडून निघालेला स्वर माइकमध्ये एकदा सरळ जातो आणि मग भिंती-जमीन-छतावर आपटून पुन्हा पुन्हा जातो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये घुमारा वाढवणे सोपे असते. घुमणारा आवाज कोरडा करणे मात्र जवळपास अशक्य.

जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये ही अडचण कमी होती. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर माळवद, भिंतीला खुंट्या आणि कोनाडे. असे खडबडीत, मऊ पृष्ठभाग आवाज शोषतात किंवा विखरून टाकतात. ज्यांच्या घरी अशी खोली अजून शिल्लक आहे, त्यांनी तिथेच रेकॉर्डिंग करावे. विकत घेता न येणारी गोष्ट त्यांच्याकडे आयती आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी उपाय घरातच असतात. गोधड्या, गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट. गाणाऱ्याने कपाटाकडे पाठ करून उभे राहावे आणि मागे-बाजूला दोरीवर दोन जाड गोधड्या टांगाव्यात. हे उलटे वाटते, कारण लोक गोधडी माइकच्या मागे लावतात. पण गायनासाठी सहसा वापरले जाणारे माइक समोरून ऐकतात. म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्यांना सर्वांत जास्त दिसते. पायाखाली सतरंजी किंवा गालिचा हवा. खोलीच्या अगदी मधोमध किंवा कोपऱ्यात बसू नये. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले खर्जाचे आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतात आणि डग्गा नुसता बदबदतो. खोली लांबट असेल तर बरे.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची पद्धत अजूनही दिसते. तिचा उपयोग नगण्य आहे आणि आग लागली तर धोका मोठा. थर्माकोलचे तेच. बाजारात मिळणारे काळे, टोकदार, इंचभर जाडीचे फोम फक्त वरच्या पट्टीतला चकचकाट कापतात. त्यामुळे खोली कोरडी होण्याऐवजी कोंदट वाटू लागते. खरोखर खर्च करायचाच असेल तर दोन इंच जाडीच्या रॉकवूलच्या पाट्या लाकडी चौकटीत बसवून कापडाने पूर्ण मढवाव्यात. कारखान्यांत उष्णतारोधक म्हणून वापरतात तेच हे साहित्य. तंतू अंगाला लागू देऊ नयेत.

बाहेरून येणारा आवाज हा वेगळा विषय. गोधडीने रिक्षाचा हॉर्न थांबत नाही. त्यासाठी वेळ बदलावी लागते. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोल पथकांचा सराव असतो. सिंहस्थासाठी रस्ते खोदले जातात तेव्हा दिवस हातचा जातो. देवळाजवळ राहणाऱ्यांना आरतीच्या वेळा पाठ असतातच. पहाटे साडेचार ते सहा ही वेळ शहरात सर्वांत शांत. सकाळच्या रागांसाठी ती सोयीचीही आहे, गळा तयार असेल तर.

फोनवर केले तर चालत नाही का?

चालते. अनेकदा हजार-पंधराशेच्या माइकपेक्षा बरे चालते. अडचण फोनच्या माइकची नसते, त्यामागे बसलेल्या सॉफ्टवेअरची असते.

फोन बनला आहे बोलण्यासाठी. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे त्याला शिकवलेले असते. पंखा, गाडीचे इंजिन, एसी. तानपुराही त्याच्या दृष्टीने यातच बसतो. म्हणून फोनवर गाणे रेकॉर्ड केले की पहिली दहा-पंधरा सेकंद तानपुरा ऐकू येतो आणि मग हळूहळू विरून जातो. पेटीचा लांबवलेला षड्जही असाच गायब होतो. दुसरी खोड आवाजाची पातळी आपोआप सारखी करण्याची. हळू आवाजातला आलाप फोन मोठा करतो, खोलीतला गोंगाटही त्याबरोबर वर येतो, आणि जोरकस तान आली की सगळे एकदम दाबून टाकतो. गाण्यातला चढउतारच सपाट होतो. ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडले आहे एवढे कळते. गाणाऱ्याला वाटते आपलाच रियाज कमी पडला.

उपाय फुकट आहेत. अँड्रॉइडवर असे रेकॉर्डिंग ॲप घ्यावे ज्यात ‘रॉ’ किंवा ‘अनप्रोसेस्ड’ हा पर्याय आहे, नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन दोन्ही बंद करावे आणि फाइल वेव्ह स्वरूपात ठेवावी. आयफोनच्या व्हॉइस मेमोमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘लॉसलेस’ निवडता येते. रेकॉर्डिंग दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर मेहनतीने मिळवलेली स्पष्टता वाटेतच जाते. झूमवर परदेशातल्या शिष्यांना शिकवणाऱ्यांसाठीही हेच. तिथे ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्याशिवाय तानपुरा पलीकडे पोहोचतच नाही.

काही कामांना फोनच पुरेसा आणि योग्य असतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपायच्या असतील तर माइक येण्याची वाट बघू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यातल्या हजारो ओव्यांचे आवाजही पुढे टेपवर आले. त्या टेपमध्ये कोंबडा आरवतो, भांडी वाजतात, म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही. फोन हातात न धरता उशीवर, आजीपासून दीड-दोन फुटांवर ठेवावा, विमान मोडवर टाकावा आणि बोलते करावे. एवढेच.

डायनॅमिक की कंडेन्सर?

माइकच्या या दोन मुख्य जाती. डायनॅमिकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकात हलते. सभेत, ऑर्केस्ट्रात, कीर्तनात हातात दिसतो तो हाच. कंडेन्सरमध्ये विजेचा भार असलेला अतिशय हलका पडदा असतो. त्यामुळे तो बारीकसारीक सगळे ऐकतो, आणि त्याला चालायला बाहेरून वीज लागते. साधारणपणे ४८ व्होल्टची ही वीज माइकच्याच तारेतून जाते. तिला फँटम पॉवर म्हणतात.

दुकानात आणि यूट्यूबवर एकच सल्ला मिळतो, ‘गाण्यासाठी कंडेन्सर घ्या.’ स्टुडिओत तो सल्ला बरोबर आहे. फ्लॅटमध्ये तो बहुतेकदा चुकीचा ठरतो. कंडेन्सर गळ्याबरोबर शेजारच्यांचा कुकर, लिफ्टचा दरवाजा आणि खोलीचा घुमाराही तितक्याच प्रामाणिकपणे टिपतो. आकड्यांत सांगायचे तर ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० या लोकप्रिय कंडेन्सरचा स्वतःचा गोंगाट २० डेसिबल आहे आणि त्याहून महाग रोड एनटी १ चा चारच्या आसपास. कागदावर हा फरक प्रचंड. पण पंखा बंद करूनही शहरातल्या खोलीत तीसच्या आसपास डेसिबल आवाज असतोच. त्या गर्दीत ही १६ डेसिबलची श्रीमंती बुडून जाते. पैसे मात्र गेलेले असतात.

म्हणून खोलीची व्यवस्था झालेली नसेल तर पहिला माइक डायनॅमिक घ्यावा. शूअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून विकला जातो. त्याच कंपनीच्या एसएम ७ या डायनॅमिक माइकवर मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधले गायन मुद्रित झाले होते. तेव्हा डायनॅमिक म्हणजे कमी प्रतीचा, हा समज सोडून द्यावा. एसएम ५८ परवडत नसेल तर बेरिंगरचा एक्सएम ८५०० त्याच्या तुलनेत अगदी थोड्या किमतीत मिळतो आणि सुरुवातीला पुरतो. एसएम ५८ च्या नकला मात्र सर्वत्र आहेत. निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर तो ओरिजिनल नाही. अधिकृत वितरकाचे बिल आणि वॉरंटी पाहूनच घ्यावा.

कंडेन्सर कोणाला हवाच? सतार, संतूर, बासरी, गिटार अशा नाजूक वाद्यांना, आणि ज्यांची खोली खरोखर शांत व कोरडी आहे त्यांना. तानपुऱ्याची जवारीही कंडेन्सरमध्येच खुलते.

माइक तोंडापासून किती दूर, याचे माप घरचेच आहे. एक वीत. भजन किंवा लोकगीत खड्या आवाजात असेल तर दीड वीत. डायनॅमिक माइकच्या फार जवळ गेले की खर्ज फुगतो. काहींना तो आवडतो, पण तो आपल्या आवाजाचा खरा रंग नव्हे. अंतर दुप्पट झाले की गळ्याचा थेट आवाज सहा डेसिबलने घटतो आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो, हे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप उमगते. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळून ‘धप्’ असा आवाज येतो. त्यासाठी माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला वळवावा. पॉप फिल्टर विकत घ्यायचा नसेल तर भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा जुना स्टॉकिंग ताणून बसवावा. काम तेच होते.

‘पूर्ण स्टुडिओ किट’ एवढे स्वस्त कसे?

बीएम-८०० या नावाने ओळखला जाणारा चिनी माइक, टेबलाला लावायचा हात, गोल जाळी, फोमची टोपी आणि कधी रंगीबेरंगी बटणांचे साउंड कार्ड, असे सगळे मिळून दोन हजारांच्या आत-बाहेर मिळते. फोटोत ते भारदस्त दिसते. सर्वांत जास्त निराशा या किटने केली आहे. अनेक किटमध्ये माइकची तार एका बाजूला तीन पिनांची आणि दुसऱ्या बाजूला हेडफोनच्या पिनसारखी असते. ती थेट लॅपटॉपला लावली की माइकला पुरेशी वीज मिळत नाही, आवाज बारीक येतो, तो वाढवला की सूं सूं वाढते. मग फँटम पॉवरचा वेगळा डबा घ्यायला सांगतात. तोपर्यंत एकूण खर्च एका बऱ्या डायनॅमिक माइकएवढा झालेला असतो. त्या साउंड कार्डवरची टाळ्यांची आणि हसण्याची बटणे लाइव्ह गप्पांसाठी ठीक. गाण्याशी त्यांचा संबंध नाही.

कॉलरला लावायचे छोटे माइक, उदाहरणार्थ बोयाचा बीवाय-एम १, हजार रुपयांच्या आसपास मिळतात आणि बोलण्यासाठी उत्तम आहेत. कीर्तनाचे निरूपण, मुलाखत, गाण्याआधीचे निवेदन यांसाठी घ्यावेत. गाण्यासाठी नाही. ते चारही बाजूंनी ऐकतात, त्यामुळे खोली पुन्हा आत शिरते.

इंटरफेस म्हणजे काय आणि तो टाळता येतो का?

माइकमधून येणारा विजेचा संकेत अतिशय क्षीण असतो. तो वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करणारा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइक बदलतात, लॅपटॉप बदलतात. चांगला इंटरफेस मात्र सात-आठ वर्षे साथ देतो. त्यामुळे हात सैल सोडायचाच असेल तर तो इथे सोडावा. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो हा जगभरच्या घरांत सर्वांत जास्त दिसणाऱ्या इंटरफेसपैकी एक. किंमत साधारण दहा हजार आणि वर. निम्म्या किमतीत बेरिंगरचा यूएम २ आणि एम-ऑडिओचा एम-ट्रॅक सोलो. यूएम २ ला डायनॅमिक माइक लावून कोणी हळू आवाजात गायले तर गेन पुरता वर न्यावा लागतो आणि गोंगाट जाणवतो. खड्या आवाजाला अडचण येत नाही. हे दुकानदार सांगत नाही.

इंटरफेस टाळायचा असेल तर यूएसबी माइक आहेतच. त्यातही सॅमसन क्यू २ यू सारखे, यूएसबी आणि एक्सएलआर अशा दोन्ही तारा लागणारे डायनॅमिक माइक शहाणपणाचे. आज फोन किंवा लॅपटॉपला थेट लावता येतो आणि उद्या इंटरफेस घेतला तरी तोच माइक चालतो. नुसता यूएसबी असलेला माइक पुढे वाढता येत नाही. दोन जणांना दोन माइक हवेत म्हटले की तिथेच अडते.

इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ हे बटण आहे ना, ते पाहावे. त्यामुळे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज लॅपटॉपची फेरी न मारता हेडफोनमध्ये लगेच ऐकू येतो. ब्लूटूथ हेडफोन इथे निरुपयोगी. त्यात आवाज दहाव्या हिश्श्याने, कधी त्याहून अधिक सेकंद उशिरा येतो आणि ताल सुटतो. तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लागतात. उघड्या पाठीचे नकोत, कारण त्यातून गळणारा ट्रॅक किंवा तबला पुन्हा माइकमध्ये जातो.

मग पैशांचे गणित कसे बसवायचे?

दोन-अडीच हजारच असतील तर माइक घेऊच नये. फोन, ट्रायपॉड, बरे तारेचे हेडफोन आणि गोधडी. एवढ्यात वर्षभर शिकता येते.

दहा-बारा हजारांत एक्सएम ८५०० सारखा डायनॅमिक माइक, यूएम २ सारखा इंटरफेस, दोन-तीन हजारांचे हेडफोन, जड बुडाचा स्टँड आणि एक बरी एक्सएलआर केबल बसते. स्टँड आणि केबल हा खर्च लोक धरतच नाहीत आणि मग माइक पुस्तकांच्या ढिगावर टेकवून गातात. पायाने जमिनीवर ठेका दिला की प्रत्येक ठोका त्यात उतरतो. पंचवीस हजारांच्या आसपास गेले की स्कार्लेटसारखा इंटरफेस आणि खोलीप्रमाणे एसएम ५८ किंवा एटी २०२० असा संच होतो. त्यापुढचा पैसा रॉकवूलच्या पाट्यांवर घालावा, आणखी एका माइकवर नको.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च नाही. ऑडॅसिटी मोफत आहे, ॲपलच्या उपकरणांवर गॅरेजबँड आहे, फोनवर बँडलॅब आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येते आणि त्याचा घरगुती परवाना ६० डॉलरचा. चोरून उतरवलेले महागडे सॉफ्टवेअर व्हायरससह येते, हे सांगायची गरज नसावी, तरी पडते. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवावे. एका माइकची मिनिटाला साधारण साडेआठ एमबीची फाइल होते. गाण्यातल्या सर्वांत मोठ्या जागी मीटर उणे बारा ते उणे सहाच्या दरम्यान राहावे. लाल दिवा एकदा जरी लागला तरी ती जागा फाटली, नंतर दुरुस्त होत नाही. यूट्यूब सगळ्यांचा आवाज साधारण एकाच पातळीवर आणते, त्यामुळे मुद्रण कर्कश मोठे करून काही साधत नाही.

आणि एक अप्रिय हिशेब. वर्षाला तीन-चार गाणीच करायची असतील तर तासाच्या दराने शहरातला स्टुडिओ घेणे स्वस्त पडते. तिथे खोली, माइक आणि ऐकणारा जाणकार कान, तिन्ही मिळतात. घरचा संच त्याच्यासाठी, जो आठवड्यातून दोनदा तरी माइकसमोर बसणार आहे.

वाद्यांचे काय?

पेटीचा भाता श्वास घेतो आणि तो श्वास माइकमध्ये येतो. माइक भात्याकडे नको, पट्ट्यांच्या वर दीड-दोन फुटांवर, थोडा पुढे हवा. तबल्याला एकच माइक असेल तर तो दोन्हींच्या मध्ये, वादकाच्या समोरून दीड-एक फूट उंचीवर, तोंड किंचित दायाँकडे. डग्गा आपसूक येतो, चाटेचा आवाज मात्र शोधावा लागतो. बासरीला फुंकेच्या छिद्रासमोर माइक धरू नये, वाद्याच्या मधल्या भागाकडे वरून ठेवावा. संबळ, हलगी, ढोल यांना जवळून स्वस्त कंडेन्सर लावू नये. आवाज फाटतो. तीन-चार फुटांवर डायनॅमिक पुरे, आणि शक्य असेल तर गच्चीवर. मोकळ्या जागेत भिंतीच नसतात.

गायक आणि तबलजी एकाच लहान खोलीत बसले तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणारच. तो पूर्ण थांबवण्याच्या खटपटीत मैफल मोडते. दोघांनी समोरासमोर बसावे, म्हणजे प्रत्येक माइकची पाठ दुसऱ्याकडे राहते. ॲपवरचा तानपुरा खोलीत लावण्याऐवजी हेडफोनमध्ये घ्यावा आणि नंतर वेगळ्या ट्रॅकवर मिसळावा.

वीज आणि पावसाळा यांचा काय संबंध?

रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘हम्म’ असा खर्जातला आवाज येत असेल तर दोष बहुधा माइकचा नसून अर्थिंगचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर करून पाहावे. आवाज गेला तर कारण सापडले. माइकच्या जाळीला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. हम्म घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो जिवावर बेतू शकतो. जुन्या घरांत अर्थिंग मुळातच नसते, तिथे ते करून घेणे हाच संचातला पहिला खर्च धरावा.

कंडेन्सरचा पडदा ओल धरतो आणि मग मधूनच चरचर येते. जुलै-ऑगस्टमध्ये माइक स्टँडवर तसाच ठेवू नये. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जुना कंडेन्सर विकत घेतानाही हीच परीक्षा. फँटम पॉवर लावून, हेडफोन घालून, काही न बोलता पूर्ण दोन मिनिटे ऐकावे. चरचर, टकटक आली तर घेऊ नये.

गाणे टाकल्यावर तक्रार आली तर?

रेकॉर्डिंग घरचे आहे म्हणून गाणे आपले होत नाही. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण त्यांना अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल त्या संगीतकाराची असते. भारतीय कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षे. दुसऱ्याचे गाणे नव्याने गाण्याची वैधानिक सोय १९५७ च्या कायद्यातल्या कलम ३१-सी मध्ये आहे, पण मूळ मुद्रणाला पाच वर्षे झाल्यावर आणि नोटीस व स्वामित्वधन देऊनच. यूट्यूबची यंत्रणा बहुतेक वेळा व्हिडीओ काढून टाकत नाही, त्याचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळवते. मूळ रेकॉर्डमधून आवाज पुसून केलेला कराओके ट्रॅक वापरला तर मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचाही प्रश्न येतो. तयार ट्रॅक विकत घेताना तो नव्याने वाजवून केलेला आहे का आणि यूट्यूबवर वापरायला परवानगी आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि पावती गाण्याच्या फाइलसोबतच ठेवावी.